टँकरच्या नोंदीचं ॲप: सोशल मीडियावरच्या रिप्लायमधून पहिल्या सोसायट्या कशा मिळवाव्यात?

धायरी_फाटा

नमस्कार मंडळी,

हाउसिंग सोसायट्यांसाठी पाण्याच्या टँकरची नोंद ठेवणारं छोटं वेब ॲप आम्ही दोघांनी तयार केलंय. टँकर गेटवर आला की वॉचमन गाडीचा नंबर टाकतो आणि टाकीत पाणी सोडायच्या आधी व नंतर पातळीच्या पट्टीचा फोटो काढतो. महिनाअखेरीला खजिनदाराला खेपा, लिटर आणि पुरवठादाराच्या बिलाशी ताळा असा एका पानाचा तक्ता मिळतो. ओळखीतल्या काही सोसायट्या वापरतायत. आता अनोळखी सोसायट्यांपर्यंत जायचंय, तेही उन्हाळ्याच्या आत, कारण मार्च ते जून हाच टँकरचा खरा हंगाम. जाहिरातीसाठी पैसे नाहीत.

फेसबुकवरचे एरियाचे ग्रुप, एक्स, रेडिटवरचं पुण्याचं पान, सगळीकडे लोक टँकरबद्दल सतत लिहीत असतात. त्यांना रिप्लाय देत जायचं असा विचार आहे. पण पोस्ट शोधायच्या कशा? लिंक पहिल्याच रिप्लायमध्ये टाकावी का? ॲपच्या नावानं लिहावं की स्वतःच्या? आणि दिवसाला किती रिप्लाय लोक चालवून घेतात? ज्यांना या कामाची नीट माहिती आहे त्यांनी सविस्तर सांगितलं तर फार मदत होईल.

बावधनकर

शोधायला बसण्याआधी रिप्लाय कुणासाठी लिहिताय ते ठरवा. टँकरवर वैतागून पोस्ट टाकणारा बहुतेक वेळा साधा सभासद किंवा भाडेकरू असतो. ॲप घ्यायचं की नाही हे सेक्रेटरी आणि खजिनदार ठरवतात, आणि ते बहुधा ती पोस्ट वाचतही नाहीत. त्यामुळे रिप्लाय असा हवा, की त्या माणसानं तो जसाच्या तसा उचलून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. 'आमचं ॲप बघा' एवढंच लिहिलं असेल तर ते कोण कशाला पुढे पाठवेल? ही एक कसोटी लावली की काय लिहायचं, किती लिहायचं, लिंक कुठे, यातलं बरंचसं आपोआप ठरतं.

आता शोध. 'वॉटर मॅनेजमेंट' असले शब्द तक्रार करणारा माणूस लिहीत नाही. तो लिहितो 'टँकर अर्धाच आला', 'टँकरचं बिल बघा', 'मेंटेनन्स परत वाढवला', 'टँकरवाल्यांची मनमानी'. हे शब्द देवनागरीत, रोमन लिपीतल्या मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असे चारही तऱ्हेनं शोधा. रोमनमध्ये 'पाणी' लिहिताना कुणी एक 'ए' घालतं, कुणी दोन. दोन्ही स्पेलिंगं शोधा. प्रत्येक शब्दाला भागाचं नाव जोडा: वाघोली, लोहगाव, उंड्री, पिसोळी, धायरी, सूस, म्हाळुंगे, बावधन. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागून येतायत, त्यामुळे तिथल्या अनेक सोसायट्यांना टँकर पावसाळ्यातही लागतो. तुम्ही हंगाम मार्च ते जून धरलाय, पण या पट्ट्यात आजही पोस्ट मिळतील.

एक्सवर कॉम्प्युटरवरून ॲडव्हान्स्ड सर्च उघडा. एक शोध भाषा मराठी, रिप्लाय वगळून, तारीख गेल्या आठवड्यापासूनची. दुसरा शोध भाषा न निवडता, फक्त रोमन शब्दांचा, कारण रोमन लिपीतलं मराठी तिथे मराठी म्हणून ओळखलं जाईलच असं नाही. निकाल 'टॉप'वर न ठेवता 'लेटेस्ट'वर ठेवा आणि दोन्ही शोध सेव्ह करा. ठिकाण आणि किलोमीटर घालूनही शोधता येतं, पण फार थोडे लोक पोस्टला ठिकाण जोडतात, तेव्हा भागाच्या नावावरच भिस्त ठेवा. फेसबुकला ग्रुपच्या आतला शोध वापरा आणि तिथेही 'अलीकडच्या पोस्ट' हा फिल्टर लावा, नाहीतर दोन वर्षांपूर्वीचं भांडण वर येतं.

वारही बघा. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद अशी महापालिकेची सूचना निघाली की तिच्या शेपटाला 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल' हे वाक्य असतंच. ज्या आठवड्यात ही सूचना येईल त्या आठवड्यात गुरुवार संध्याकाळ आणि शुक्रवार सकाळ मोकळी ठेवा.

मिळालेल्या सगळ्या पोस्टवर लिहायचं नसतं. महापालिकेला किंवा नगरसेवकाला उद्देशून काढलेला संताप तुमच्या कामाचा नाही. तिथे ॲपचं नाव काढलं तर लोकांना राग येतो आणि तो रास्त असतो. ज्यात प्रश्न आहे ('हे बिल बरोबर आहे का, कसं तपासायचं?') किंवा हिशोबाचा वाद आहे ('महिन्याला इतक्या खेपा कशा झाल्या?'), तेवढ्याच पोस्ट घ्या. पाण्याच्या गुणवत्तेच्या पोस्टपासून तर लांबच राहा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा लोक घाबरून टँकर आणि विहिरीच्या पाण्याबद्दल विचारत होते. लिटर मोजणाऱ्या ॲपला अशा ठिकाणी सांगण्यासारखं काही नसतं.

शिवणे_उत्तमनगर

वरच्या प्रतिसादाला जोडून रिप्लायच्या मजकुराबद्दल लिहितो. रिप्लाय वाचून, लिंकवर न जाताही, माणसाचं काम झालं पाहिजे. तुमच्या विषयात ते सहज शक्य आहे, कारण टँकर पूर्ण भरलेला होता का हे कुठल्याही ॲपशिवाय तपासता येतं. कुणी विचारलं की 'दहा हजार लिटरचे पैसे घेतात, पण तेवढं पाणी येतं का?', तर उत्तर असं द्या:

'भूमिगत टाकीची आतली लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्या. टँकर सोडायच्या आधी आणि नंतर पाण्याची उंची मोजा. लांबी × रुंदी × वाढलेली उंची × १००० = लिटर. टाकी ६ मीटर × ४ मीटर असेल तर १०,००० लिटरला पातळी जवळजवळ ४२ सें.मी. वाढली पाहिजे. ३५ सें.मी.च वाढली तर ८,४०० लिटर आलं. मोजताना गच्चीवरच्या टाकीला पाणी चढवणारा पंप आणि महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद हवेत, नाहीतर आकडा चुकतो.'

यानंतर नवीन ओळीवर: 'या नोंदी फोटोसकट ठेवणारं ॲप आम्ही बनवलंय. हवं असेल तर इथेच विचारा.' बस. 'आम्ही बनवलंय' हे शब्द कधीही गाळू नका. 'एक चांगलं ॲप मिळालं मला' असं लिहिणारा स्वतःच मालक आहे हे कुणीतरी प्रोफाइल उघडून पाहतंच, आणि त्या ग्रुपमध्ये तुमचं नाव कायमचं जातं.

पंप बंद ठेवायचं वाक्य मुद्दाम घातलंय. वाचणाऱ्याला कळतं की लिहिणारा टाकीचं झाकण उघडून उभा राहिलेला आहे. असा एक बारकावा प्रत्येक रिप्लायमध्ये हवा, आणि तो समोरच्या पोस्टमधल्या तपशिलाला धरून हवा. त्यानं तीन विंगची सोसायटी म्हटलं असेल तर पहिला प्रश्न हा की टाकी एकच आहे की विंगागणिक वेगळी. टाकीत मधे भिंत असेल तर दोन कप्पे वेगळे मोजावे लागतात, तेही सांगा.

एक्सवर जागेची अडचण येते. फुकटच्या खात्याला २८० अक्षरं मिळतात, पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'पूर्ण' हा शब्द दिसायला दोन अक्षरी, मोजणीत पाच. लिंक कितीही लांब असो, २३ धरली जाते. म्हणजे मराठीत साधारण चाळीस-पन्नास शब्द हातात राहतात. तिथे फक्त सूत्र आणि पंपाची सूचना लिहा, उदाहरण खालच्या दुसऱ्या रिप्लायमध्ये टाका. वहीच्या पानावर काढलेल्या टाकीच्या आकृतीचा फोटो जोडला तर आणखी बरं, कारण तोच व्हॉट्सॲपवर पुढे जातो. आकृतीच्या कोपऱ्यात ॲपचं नाव बारीक अक्षरात असू द्या.

लिंक पहिल्या रिप्लायमध्ये नको. कुणी मागितली की द्या, आणि ती मुख्यपृष्ठाची न देता थेट अशा पानाची द्या जिथे टाकीची मापं टाकली की लॉगिन न करता उत्तर मिळतं. मोबाइल नंबर मागणारा फॉर्म पहिल्याच पडद्यावर आला तर माणूस तिथूनच परत फिरतो.

कोथरूड_डेपो

एरियाच्या एका ग्रुपचं ॲडमिनपण सांभाळतो, त्या बाजूनं सांगतो. कमेंट कोणत्या कारणांनी उडवल्या जातात ते माहीत असलं की तुमचा बराच त्रास वाचेल.

सगळ्यात पहिलं कारण एकच मजकूर पाच पोस्टखाली चिकटवणं. दुसरं, बिटली वगैरेंनी छोटी केलेली लिंक. ती उघडल्याशिवाय कुठे जाते ते कळत नाही, म्हणून ॲडमिनही काढतात आणि रेडिटवर तर ती अनेकदा आपोआपच अडकते. तिसरं, कालच ग्रुपमध्ये आलेलं आणि एकही साधी कमेंट नसलेलं खातं. चौथं सगळ्यात वाईट: एका खात्यावरून प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्यावरून स्वतःच उत्तर द्यायचं. हे लपत नाही, आणि त्यावर थेट बंदी येते.

ग्रुपमध्ये शिरल्यावर आधी नियमांची पिन केलेली पोस्ट वाचा. काही ग्रुप आठवड्यातून एक दिवस व्यवसायाच्या पोस्टसाठी ठेवतात, काही अजिबात परवानगी देत नाहीत. मग ॲडमिनला चार ओळी लिहा: आम्ही कोण, काय बनवलंय, टँकरच्या हिशोबाच्या प्रश्नांना उत्तरं देऊ, लिंक कुणी मागितल्याशिवाय टाकणार नाही, चालेल का? बहुतेक ॲडमिन हो म्हणतात, कारण असे प्रश्न त्यांच्याकडेच येत असतात आणि उत्तर द्यायला माणूस नसतो. खातं स्वतःच्या नावाचं आणि खऱ्या फोटोचं ठेवा, ओळखीच्या ओळीत ॲपचा उल्लेख असू द्या. पेजच्या नावानं कमेंट करायला कित्येक ग्रुप परवानगीच देत नाहीत.

रेडिटवर आणखी एक बघा. तुमची कमेंट काढली गेली तरी तुम्हाला स्वतःला ती जागच्या जागी दिसत राहू शकते. लिहिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, तो धागा उघडा. कमेंट दिसत नसेल तर मॉडरेटरना नम्रपणे विचारा. तीच कमेंट परत टाकू नका, त्यानं खात्यावर स्पॅमचा शिक्का बसतो.

दिवसाला किती? पाच ते आठ. एक रिप्लाय म्हणजे वरची सगळी चर्चा वाचणं, मजकूर त्या पोस्टपुरता लिहिणं, आणि पुढचा तासभर येणाऱ्या उलट प्रश्नांना उत्तर देणं. वीस लिहिले तर ते पुढच्या तासाभराचं काम होत नाही, आणि खरी माणसं मिळतात ती तिथेच. ताजेपणाही प्रत्येक जागेचा वेगळा असतो. एक्सवर कालची पोस्ट शिळी. फेसबुक ग्रुपमध्ये दोन-तीन दिवसांची चालते, कारण नव्या कमेंटनं पोस्ट परत वर येते. मराठी क्वोरावर मात्र जुन्या प्रश्नालाही सविस्तर उत्तर लिहून ठेवा. गुगलवरून लोक तिथे येत राहतात.

धायरी_फाटा

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. दोन उपप्रश्न. एक, शोधलेली पोस्ट एआयला देऊन रिप्लायचा मसुदा करून घेतला तर वेळ वाचेल का? दोन, 'डीएम (खासगी मेसेज) करा' किंवा 'डिटेल्स पाठवा' असं कुणी म्हटलं की पुढे नेमकं काय पाठवायचं? तिथे गाडी अडते असं ऐकलंय.

बावधनकर

एआयकडून पोस्टची वर्गवारी करून घ्या: प्रश्न, हिशोबाचा वाद, नुसता संताप. मजकूर मात्र हातानं लिहा. यंत्रानं लिहिलेला मराठी रिप्लाय 'आपल्या समस्येबद्दल समजून घेतले' अशा थाटात सुरू होतो आणि पुण्यातल्या ग्रुपमध्ये तो लगेच ओळखू येतो. शिवाय टाकीच्या मापांत त्यानं चूक केली आणि तुम्ही ती न तपासता पाठवली, तर एखादा सेक्रेटरी तोच आकडा घेऊन पुरवठादाराशी भांडायला जाईल. आपोआप रिप्लाय टाकणारं साधन तर लावूच नका. एक्सच्या नियमांतही न मागता केलेल्या अशा स्वयंचलित रिप्लायना मनाई आहे.

पिंपळे_सौदागर_पूर्व

'डिटेल्स पाठवा'नंतरच्या पायऱ्या सांगतो.

माहितीपत्रक लगेच पाठवू नका, आधी तीन प्रश्न विचारा: फ्लॅट किती, महिन्याला साधारण खेपा किती, आणि बिल कोण तपासतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा खरा माणूस. जमलं तर चौथाही विचारा, नोंदणीकृत सोसायटी आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट, कारण निर्णय घेणाऱ्यांची पदं वेगळी असतात आणि चुकीच्या पदनामानं लिहिलेलं पत्र कमिटीत वाचलं जात नाही. काही सोसायट्यांत अजून बिल्डरच कारभार पाहतोय असं निघेल. अशा सोसायट्या यादीत वेगळ्या ठेवा, तिथे सध्या घेणारं कुणी नसतं.

मग एका पानाची मराठी पीडीएफ. वर नमुन्याचा महिन्याचा तक्ता, त्यात ताळा न जुळलेली एक ओळ ठळक; खाली वॉचमनला काय करावं लागेल ते तीन ओळींत; शेवटी दर आणि फोन. फाइलचं नाव 'टँकर हिशोब नमुना' असं ठेवा, 'फायनल टू' नको, कारण तेच नाव सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना दिसतं. पीडीएफमध्ये व्हॉट्सॲपची क्लिक-टू-चॅट लिंक (दाबली की थेट तुमच्याशी चॅट उघडणारी) द्या. तिच्यात नंबर लिहिताना ९१ आणि पुढे सलग दहा आकडे. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य किंवा मधली रेघ घालू नका. आधीच भरलेला मजकूर असा ठेवा: 'सोसायटीचं नाव, भाग, महिन्याच्या खेपा'. माणसाला फक्त भरून पाठवायचं राहतं. नंबर व्हॉट्सॲप बिझनेसचा घ्या, म्हणजे 'चौकशी', 'कमिटीपुढे', 'चालू' अशी लेबलं लावता येतात.

लोकांनी पोस्टखाली टाकलेले फोन नंबर उचलून मेसेज करू नका. ज्यानं स्वतः विचारलं त्यालाच लिहा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व संमतीचं आहे, आणि सोसायटीचं काम करणाऱ्यांनी तरी ते काटेकोर पाळावं, कारण पुढे गेटवरच्या नोंदी तुमच्याच हाती येणार आहेत.

एक शीट ठेवा: तारीख, जागा, पोस्टची लिंक, पोस्टचा प्रकार, कुणी उलट विचारलं का, तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली का, कमिटीपुढे गेलं का. लाइक मोजू नका. प्रत्येक जागेसाठी लिंकला वेगळा यूटीएम टॅग (माणूस कुठून आला ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडलेली खूण) लावा, पण व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड झालेल्या लिंकवर तोच टॅग राहतो, म्हणून 'फेसबुकवरून आले' असं दिसणारे काही जण खरं तर सोसायटीच्या ग्रुपवरून आलेले असतात. तेव्हा नोंदणीच्या वेळी 'कुणी सांगितलं?' हा साधा प्रश्न विचारणं जास्त भरवशाचं.

लोहगाव_खांदवेनगर

थोडं वेगळं मत मांडतो. नुसत्या रिप्लायवर फार सोसायट्या मिळतील असं वाटत नाही, आणि तशी अपेक्षा धरली की माणूस घाईनं लिंका टाकायला लागतो. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा असते. आज रिप्लाय वाचला गेला तरी निर्णय पुढच्या बैठकीत, म्हणजे उन्हाळ्यासाठीचे रिप्लाय जानेवारीतच सुरू झाले पाहिजेत. दुसरा मोसम वार्षिक सभेचा. ती ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि पाण्याच्या खर्चावर तिथे हमखास प्रश्न उठतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'गेल्या वर्षीचा टँकरचा खर्च सभेत कसा मांडावा' या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस खजिनदाराच्या लक्षात राहतो.

रिप्लायमधून सुरुवातीच्या दहा-पंधरा सोसायट्या आणि लोकांची खरी भाषा मिळाली तरी पुष्कळ. एकच फॅसिलिटी मॅनेजर चार-पाच सोसायट्या पाहत असतो, तेव्हा तीन प्रश्नांच्या उत्तरात 'बिल मॅनेजर तपासतो' असं आलं की त्या मॅनेजरला भेटायला स्वतः जा.

आणि सोसायटी मिळाल्यावर पहिल्या महिन्याकडे बारकाईनं लक्ष द्या, कारण पहिल्याच बिलाचा ताळा लागला नाही तर ज्यानं तुमचा रिप्लाय फॉरवर्ड केला तो सभासद तोंडघशी पडतो, आणि तो परत कुणाला नाव सांगत नाही. बिघडतं ते असं: टँकर पहाटे येतो आणि रात्रपाळीच्या वॉचमनला ॲप दाखवलेलंच नसतं. भूमिगत टाकी तळघरात असते, तिथे रेंज नसते, फोटो चढत नाही आणि तो माणूस नाद सोडतो. फोटो मोबाइलमध्येच वेळेसकट साठवून रेंज आली की आपोआप चढेल अशी सोय आत्ताच करा. सूचना मराठी आणि हिंदी दोन्हीत, मोठ्या अक्षरांत. टाकीत सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली नसेल तर फोटोवरून काहीच कळत नाही. सोसायटी चालू करायच्या दिवशी पिण्याच्या पाण्याच्या टाकीत चालणाऱ्या रंगाचा छोटा डबा, स्टीलची टेप आणि टॉर्च घेऊन जा. टाकी धुवायची तारीख विचारून त्याच दिवशी गेलात तर भिंत कोरडी मिळते. टाकीत उतरायचं काम मात्र टाकी धुणाऱ्या माणसांवर सोपवा, झाकण बराच वेळ उघडं ठेवून आत हवा खेळू दिल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका, आणि रंग पूर्ण वाळल्याशिवाय पाणी सोडू नका.